सात नंबरच्या क्रेटमधली मनी

माझ्या बी.कॉम.च्या पदवीचा आमच्या वस्तीवर आजवर झालेला ठळक परिणाम एकच : शकीलभाईंच्या बोक्याला एका रविवारी विनाकारण उपास घडला.

ही गोष्ट मी लपवणार होतो. पण आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये एकच पत्रा असतो, आणि तो पत्रा गोष्ट अडवत नाही, उलट मोठी करून पलीकडे देतो. तेव्हा दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मी मिलिंद. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. बाबांनी तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूम चालवला. लूमनं त्यांना पगार दिला आणि कान घेतले. आई शेलार गावची, चौथी पास. मी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये खोकी उचलत उचलत बी.कॉम. झालो आणि आज त्याच गोडाऊनमध्ये डिस्पॅच सुपरवायझर आहे. गळ्यात ओळखपत्र, हातात स्कॅनर. माल आला की इनवर्ड, माल गेला की आउटवर्ड. माझ्या हाताखालून चुकीचं खोकं आजपर्यंत बाहेर गेलेलं नाही. (खोकं म्हणालो. मांजराचं पुढे येईलच.)

आणि मनी. मनी म्हणजे आईची मांजर. करडी, अंगावर काळे पट्टे, चेहऱ्यावर कायम हेडमास्तरीणबाईंचा भाव. आईनं तिला गटाराच्या काठावरून उचलून आणली तेव्हा ती मुठीत मावत होती. तेव्हापासून घरात पहिला मासा तिला, दुसरा बाबांना, आणि मी पदवीधर असल्यामुळे मला समजूतदारपणा.

मनीची वर्षाला दोन बाळंतपणं व्हायची. आई ती सगळी साग्रसंगीत करायची. पण मागच्या खेपेला मनी मरता मरता वाचली. आई दोन दिवस तिच्या उशाशी बसून होती, जेवलीसुद्धा नाही. तेव्हाच मी ठरवलं की आता ऑपरेशन करून टाकायचं. शहरातून काही स्वयंसेवक डॉक्टर अधूनमधून वस्त्यांमध्ये जनावरांचा फुकट दवाखाना भरवतात. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारी तो भरणार असं कळलं, आणि मी आईच्या मागे लागलो.

"पोट फाडणार तिचं?" आई म्हणाली.

"फाडणार नाही गं. छोटा छेद. मग टाके. संध्याकाळी चालायला लागेल."

"आन् कमीजास्त झालं म्हंजे?"

"माझी गॅरंटी!"

आईनं मनीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तू शिकलेला हाईस म्हणून तुझ्या हातात देते. माझ्या हातात परत पायजे."

इतकं साधं काम होतं. घेतलेलं मांजर परत द्यायचं.

रविवारी नऊ वाजता डॉक्टर मॅडम आल्या. बरोबर तीन-चार स्वयंसेवक, औषधांच्या पेट्या आणि एक घडीचं टेबल. हॉलबाहेर रांग आधीच लागलेली. आमची वस्ती माणसाच्या दवाखान्यात जाताना कुरकुरते, पण जनावरांचा दवाखाना म्हटल्यावर नटूनथटून आली होती. कुणी कुत्रा ओढणीला बांधून आणलेला. कुणी मांजर प्रेशर कुकरच्या खोक्यात, कुणी झाकणाच्या बादलीत, कुणी शाळेच्या दप्तरात. तारामावशी कोंबडी घेऊन आल्या होत्या, आणि तिला नेमकं काय होतंय असं विचारल्यावर म्हणाल्या, "काय न्हाय. फुकट हाय तर दाखवून ठेवते."

हा सगळा गोंधळ बघून माझ्यातला सुपरवायझर जागा झाला. मी मॅडमना म्हणालो, "नोंदणीचं माझ्यावर सोडा."

"बरं होईल," मॅडम म्हणाल्या. "आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात पट्टी बांधतो आणि त्यावर नाव लिहितो. म्हणजे घोटाळा होत नाही."

मी किंचित हसलो. (गोडाऊनमध्ये नवीन माणूस काही सुचवतो तेव्हा मी असाच हसतो.)

"मॅडम, नाव कशाला? या हॉलमध्ये आत्ता निदान चार मन्या आणि तीन मोत्या असतील. नंबर देऊ."

"ठीक. मग नंबर गळ्यात बांधू."

"गळ्यात बांधलं की ओरबाडून काढणार. मी खोक्यावर स्टिकर लावतो, मालकाला त्याच नंबरची स्लिप देतो. स्लिप दाखवा, खोकं घ्या. मॅडम, आमच्याकडून रोज ट्रक भरभरून खोकी जातात. एकाही खोक्यातला माल आजपर्यंत उठून दुसऱ्या खोक्यात गेलेला नाही!"

मॅडम काही बोलणार होत्या, पण तेवढ्यात एका कुत्र्यानं औषधाच्या पेटीवर पाय वर केला आणि विषय बदलला.

मी कामाला लागलो. घरून आणलेल्या वहीत रकाने आखले : नंबर, मालाचं वर्णन, आवक वेळ, जावक वेळ, सही. काय अक्षर होतं! आईचा नंबर सातवा आला. मनी भाजीच्या निळ्या क्रेटमध्ये होती, आणि क्रेटच्या तोंडाला आईचं जुनं लुगडं घट्ट बांधलेलं. मी क्रेटवर सातचा स्टिकर ठोकला आणि आईच्या हातात स्लिप दिली.

"हे काय?"

"हरवू नको. याच्याशिवाय मांजर मिळणार नाही."

"माझंच मांजर, माझाच पोरगा, आन् चिठ्ठी कुणाला दाखवू?"

"नियम सगळ्यांना सारखा, आई."

मागे उभ्या असलेल्या तारामावशी कोंबडीला म्हणाल्या, "बघ, शिकल्यावर असं होतं."

बारा नंबर शबनमभाभींचा. शकीलभाईंची बायको. हे कुटुंब आमच्या मागच्या गल्लीत राहतं. शकीलभाई तिथल्याच कारखान्यात लूम चालवतात. भाभींच्या हातात चेनची बाजाराची पिशवी होती आणि पिशवी एकटीच गुरगुरत होती.

"कान में खुजली है इसको," भाभी म्हणाल्या. "और वो कुत्तेवाला इंजेक्शन भी दे दो. सबसे झगडा करता है."

मी पिशवीवर बाराचा स्टिकर लावला आणि वहीत लिहिलं : 'मांजर, करडं, पट्टेवालं.' वर सात नंबरपुढेही तेच लिहिलेलं होतं. आणि चारपुढे. आणि नऊपुढे. सगळा माल एकाच प्रतीचा निघाला म्हणून मला तर बरंच वाटलं.

साडेबारापर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी दोनदा स्वतःच्या वहीचा फोटो काढला. आतल्या खोलीत ऑपरेशनं, बाहेर इंजेक्शनं. ऑपरेशन झालेली मांजरं आत सतरंजीवर भुलीत झोपलेली, त्यांची रिकामी क्रेटं बाहेर माझ्या टेबलापाशी ओळीनं मांडलेली.

आणि एवढ्यात एक पट्टेवालं मांजर इंजेक्शनच्या टेबलावरून निसटलं! खुर्चीवर, खुर्चीवरून तारामावशींच्या खांद्यावर, खांद्यावरून खिडकीच्या गजावर. मावशी ओरडल्या, कोंबडी ओरडली, स्वयंसेवक "दार लावा, दार लावा" म्हणत स्वतःच दारातून बाहेर गेले. मी मात्र शांत. गोडाऊनचा नियमच आहे, लूज माल दिसला की आधी जवळच्या रिकाम्या खोक्यात टाकायचा आणि मग बोलायचं. मी दोन ढांगांत मांजर मानगुटीला धरलं, हाताशी होतं ते क्रेट उघडलं, आत टाकलं, लुगडं गच्च बांधलं. आठ सेकंदांत! हॉलमध्ये दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आतली बाकीची मांजरं आपापल्या खोक्यात परत गेल्यावर शेवटी एक स्वयंसेवक ताई टॉवेलात गुंडाळलेलं झोपाळू मांजर घेऊन आल्या.

"दादा, हिचं खोकं कुठलं?"

मी नजर फिरवली. सगळी खोकी भरलेली. रिकामी एकच, बारा नंबरची पिशवी. मांजर एक, जागा एक. कॉमर्सवाल्याला याच्यापेक्षा जास्त पुरावा लागत नाही. हिशेब टॅली!

"बारा," मी म्हणालो.

मग जावक. मी एकेक नंबर पुकारत गेलो आणि वहीत लिहिलेल्या सूचना मोठ्यानं वाचत गेलो.

"बारा नंबर! इंजेक्शन झालं, कानात औषध घातलं. भाभी, घर जाके खुला छोड दो, पेटभर खिलाओ, कोई परहेज नहीं."

भाभींनी पिशवी उचलली. "या अल्ला, कितना चुप हो गया!" म्हणत खूश होऊन गेल्या.

"सात नंबर! ऑपरेशन. संध्याकाळपर्यंत क्रेट उघडायचं नाही. अंधारात ठेवायचं. साडेपाचपर्यंत खायला काही नाही. दहा दिवस उडी मारू द्यायची नाही. सही?"

आईनं स्लिप दाखवली, सही केली, आणि क्रेट लेकरासारखं पोटाशी धरून घरी नेलं. मी वही मिटली. एवढं नेटकं काम मी बोनसच्या महिन्यातही केलेलं नव्हतं.

घरी पोहोचून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच क्रेटमधून आवाज सुरू झाला. आवाज म्हणजे काय, कारखान्याचा भोंगा! बाबा पलंगावर शांतपणे पेपर वाचत होते. (त्यांचे कान लूमनं आधीच नेलेले. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्यांचा हेवा वाटला.)

आई क्रेटपाशी बसली. "मिलिंदा, हा मनीचा आवाज न्हाय."

"भुलीनं आवाज बदलतो, आई. घसा सुकतो."

तासाभरानं आईनं क्रेट जरा सरकवून बघितलं.

"ही जड लागते."

"सलाईन लावलं असेल. पाणी भरलंय अंगात."

"सकाळपास्न उपाशी हाय आन् जड झाली?"

"आई, यातलं तुला कळतं का मला?"

आईनं क्रेटला तोंड लावून हाक मारली, "मने, अगं मने." आतून जे उत्तर आलं ते कुठल्याही सभ्य घरातल्या मांजरीला शोभणारं नव्हतं. आई म्हणाली, "जरा सोडते रं, जीव कासावीस झालाय तिचा." मी क्रेटबरोबर मिळालेला मॅडमचा सूचनांचा कागद तिच्यापुढे धरला. साडेपाच म्हणजे साडेपाच. चार तास मी त्या क्रेटसमोर घड्याळ घेऊन बसलो. आतला जीव ओरडत होता आणि बाहेरचा जीव कागद वाचत होता.

साडेपाच वाजता आईनं लुगड्याची गाठ सोडली.

क्रेटमधून काहीतरी सरळ वर गेलं. मला फक्त पट्टे दिसले. ते मांडणीवर उतरलं, दोन डबे खाली आले, आणि पुढच्या क्षणी ते सुक्या बोंबलांच्या टोपलीत शिरून चार तासांचा हिशेब वसूल करू लागलं.

"बघ!" मी म्हणालो. "काय तब्येत आहे! याला म्हणतात ऑपरेशन."

आई मांडणीपाशी गेली. तिनं शांतपणे त्याची शेपटी वर केली. बघितलं. शेपटी खाली ठेवली.

"मिलिंदा, हा बोका हाय."

इथं माझ्या जागी दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण माझ्या हातात कागद होता. कागदावर मादी लिहिलेलं होतं.

"आई," मी म्हणालो, "ऑपरेशननंतर काही दिवस तसं दिसतं."

आजही रात्री मधेच हे वाक्य आठवलं की मी उशीत तोंड घालतो.

बाबांनी पेपर खाली केला. एवढं त्यांना नेमकं कसं ऐकू गेलं ते माहीत नाही. म्हणाले, "बाई नेली आन् बाप्या आणला? मोठ्या दवाखान्यात पण येवढं करत न्हाईत."

आई मात्र हसली नाही. "मग माझी मनी कुठं हाय?"

आणि तेव्हा मला ते आठ सेकंद आठवले. निळं क्रेट आठवलं. त्याला बांधलेलं लुगडं आठवलं. टॉवेलातलं झोपाळू मांजर आठवलं, आणि माझाच आवाज आठवला : खुला छोड दो, पेटभर खिलाओ, कोई परहेज नहीं!

म्हणजे मनी, पोटाला ताजे टाके, अंगातली भूल पुरती उतरलेली नाही, आणि कुणीतरी तिला मोकळं सोडलेलं. माझ्या सूचनेवरून.

"थांब, वही बघतो," मी म्हणालो. वहीत बारा नंबरसमोर स्वच्छ अक्षरात सगळं होतं : मांजर, करडं, पट्टेवालं, आवक नऊ चाळीस, जावक एक दहा, सही म्हणून एक आडवी रेघ. फक्त नाव कुठंच नव्हतं. तो रकाना मी ठेवलाच नव्हता. नऊ आणि चार नंबरची मांजरंही पट्टेवालीच, आणि बारा नंबरची भाभी नेमकी कोणती, काही केल्या आठवेना. वीस-पंचवीस गिऱ्हाइकांचे चेहरे डोक्यात एकमेकांत मिसळून गेले होते.

"आपण असं करू," मी म्हणालो, "वस्तीचे भाग पाडू आणि एकेका भागात..."

आईनं बोक्याचा डावा कान धरून माझ्याकडे वळवला. कानाचा शेंडा फाटलेला होता आणि आत औषध चमकत होतं.

"हा शकीलभाईचा सुलतान. रोज सकाळी आपल्या पत्र्यावरनं जातो. चल."

आई पुढे, मी मागे, माझ्या काखेत चादरीत गुंडाळलेला सुलतान. त्याच्या तोंडात शेवटचा बोंबील होता, म्हणून तो गप्प होता. भाभी दारातच भांडी घासत बसल्या होत्या.

"शबनम," आई म्हणाली, "मेरा मांजर तुमारे पिशवी में आया क्या?"

"नहीं मौसी, हमारा सुलतान तो..." भाभींचं लक्ष माझ्या काखेकडे गेलं. चादरीतून फाटका कान बाहेर आला होता. "सुलतान? तो फिर वो कौन था?"

"वो किधर है?" मी विचारलं.

"मैंने तो छोड दिया! तुमने ही बोला, खुला छोड दो. खाया नहीं कुछ. डगमग डगमग चलके उधर कारखाने में चला गया. मैं बोली, इंजेक्शन का नशा है."

आवाज ऐकून आतून शकीलभाई डोळे चोळत बाहेर आले. रात्रपाळी करून झोपलेला माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुलतानकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "इसका कुछ काटा तो नहीं?"

"नहीं, नहीं! सिर्फ भूखा रखा."

"फिर ठीक है," ते म्हणाले, सुलतानला भाभींकडे दिलं, आणि चपला घालून आमच्यापुढे निघाले.

कारखाना म्हणजे लांब पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना लूमची रांग, मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. लूम चालू असताना आत बोलता येत नाही, इशारे करावे लागतात. खटखट अशी की दातसुद्धा वाजतात. सगळीकडे फिरते पट्टे, आपटणारे दांडे. यातून भुलीतली मांजर डगमगत गेली होती. आई दारात थांबली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. पदराचं टोक मुठीत धरून ती उभी राहिली.

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि पद्धतशीर शोध सुरू केला. शेडचे मनात चार भाग पाडले, अ, ब, क, ड. अ संपवला. ब भागात तिसऱ्या लूमखाली आडवा झालो, आणि तेलाचे दोन थेंब बरोबर माझ्या टाळूवर पडले. दारात आई "मने, मने" करत होती हे तिच्या ओठांवरून कळत होतं. आवाज तिला स्वतःलाही ऐकू जात नसावा.

शकीलभाई सगळं बघत होते. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि कारागिरांना खूण केली. पहिल्यानं मान हलवली. नाही. शकीलभाईंनी आईकडे बोट दाखवलं. त्या माणसानं आईकडे बघितलं, आणि हॅंडल मागे ओढलं. मग दुसऱ्यानं. मग पलीकडच्यानं. एकेक लूम थांबत गेला. आमच्याकडे वीज गेल्याशिवाय लूम थांबत नाहीत हो! त्या दिवशी वीज होती आणि सगळी शेड थांबली होती. अशी शांतता मी त्या गल्लीत जन्मल्यापासून ऐकलेली नव्हती.

"मने," आई म्हणाली. ओरडून नाही, घरात म्हणते तशी. "अगं मने. चल, घरी चल."

काही नाही. एक कारागीर खोकणार होता, त्यानं तोंडावर हात धरला.

"चल बाई. उशीर झाला."

अगदी मागून, टाकाऊ कापसाचा ढीग होता तिथून, एक बारीक, खरखरीत आवाज आला. ढिगातला थोडा कापूस हलला. मग ढिगातून एक पांढरंशुभ्र मांजर हळूहळू बाहेर आलं आणि वाटेच्या मधोमध बसलं.

मी लूमखालून डोकं बाहेर काढलं आणि, देवाशपथ सांगतो, म्हणालो, "आई, ही आपली नाही. आपली करडी आहे."

दोन मिनिटांपूर्वी जी शेड एका आवाजासाठी गप्प झाली होती ती इतकी हसली की पत्रे वाजले. आई तोपर्यंत पोहोचली होती. तिनं मनीच्या अंगावरचा कापूस फुंकला. खाली काळे पट्टे होते. पोटाखाली टाके होते, सगळेच्या सगळे जागेवर. मनीनं डोकं आईच्या कोपरात खुपसलं आणि आईनं डोकं मनीच्या पाठीत, आणि बराच वेळ दोघींनी ते वर काढलं नाही. मग शकीलभाईंनी परत हात वर केला, लूम सुरू झाले, आणि कुणी रडलं का ते कुणाला ऐकू गेलं नाही.

डॉक्टर मॅडमना मी फोन केला, टाक्यांचे फोटो पाठवले. सगळं ठीक आहे म्हणाल्या. मग विचारलं, "पण झालं कसं?" मी म्हणालो, "मॅडम, माल थोडा इकडचा तिकडे झाला."

पुढचे दहा दिवस मनीनं उडी मारू नये म्हणून आईनं तिला माझ्या पलंगावर ठेवलं आणि मला खाली. आईनं मला एक शब्दही सुनावला नाही. फक्त रोज कामावर निघताना विचारायची, "तुझं गळ्यातलं कार्ड तुझंच हाय ना? बघून घाल."

दहाव्या दिवशी टाके काढायला मॅडम पुन्हा हॉलमध्ये आल्या. त्यांनी शकीलभाईंनाही बोलावलं होतं, सुलतानचा कान बघायला. या वेळी मी नोंदणीच्या टेबलाच्या आसपासही फिरकलो नाही. आईनं मनीला थेट हातांत धरून आणली होती. क्रेट नाही, स्लिप नाही. दोघांची तपासणी झाली. मॅडमनी दोन कागद लिहिले आणि विचारलं, "औषधाचं कुणाला समजावून देऊ?"

आई म्हणाली, "कागद ह्याच्याकडं द्या. शिकलेला हाय. मांजर मी धरते."

एवढ्या सगळ्या प्रकारानंतरही आईनं माझ्या शिक्षणाचा असा चारचौघांत मान ठेवला, मला भरून आलं. मी कागद दोन्ही हातांनी घेतला, नीट घडी घातली, वरच्या खिशात ठेवला आणि छाती पुढे काढून घरी आलो. आई म्हणाली, "वाच बघू, काय करायचं मनीला?"

मी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली :

"सुलतान. बोका. डाव्या कानात दिवसातून दोन थेंब."